नव्या कोच रुजू झाल्या तो मंगळवार

९ एप्रिल २०२४. दोनच दिवसांपूर्वी क्लीव्हलंडमध्ये साउथ कॅरोलायनाच्या मुलींनी आयोवाला ८७-७५ असं हरवून कॉलेज बास्केटबॉलचं विजेतेपद घेतलं होतं. तो सामना अमेरिकेत सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, पुरुषांच्या अंतिम सामन्याहून जास्त. आमचं विद्यापीठ डिव्हिजन वनमधलंच, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटातलं, पण मधल्या फळीतलं. त्या मंगळवारी सकाळी महिला संघाच्या नव्या मुख्य कोच रुजू होणार होत्या. मी कम्प्लायन्समध्ये आहे, म्हणजे खेळाडू आणि प्रशिक्षक एनसीएएचे, अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेचे, नियम पाळताहेत की नाही हे पाहणाऱ्या खात्यात.

करारातला पगार आणि मुदतीआधी सोडून गेल्यास भरायची रक्कम वकील बघतात. आम्ही एक कलम शोधतो: नियमभंगाची चौकशी निघाली तर कोच पूर्ण सहकार्य करतील. हे वाक्य लेखी असावंच लागतं. ते होतं. अडचण निघाली असिस्टंट कोचची. एक बाई शाळेच्या संघावरून थेट आमच्याकडे येत होत्या आणि गुरुवारी दुसऱ्या राज्यात एका मुलीच्या घरी जायचं त्यांचं विमानाचं तिकीटही निघालं होतं. खेळाडूंच्या भरतीच्या नियमांची परीक्षा पास झाल्याशिवाय कोणत्याही प्रशिक्षकाला कॅम्पसबाहेर जाऊन भरती करता येत नाही. त्यांनी ती दिलेलीच नव्हती. तिकीट रद्द केलं आणि त्यांना अभ्यासाला बसवलं. कोच बदलतात तेव्हा ही चूक हमखास होते, कारण घाई सगळ्यांनाच असते.

साडेनऊला ड्रेसिंग रूममध्ये पुढच्या हंगामात खेळू शकणाऱ्या अकरा मुली बसल्या होत्या. कोच बोलल्या, मग मी. दुसऱ्या विद्यापीठात बदली मागायची नेहमीची मुदत १ मेपर्यंत होतीच; शिवाय मुख्य कोच बदलला की तेव्हा वेगळे ३० दिवस मिळायचे. मुलीने लेखी मागणी केली की दोन कामकाजाच्या दिवसांत तिचं नाव ट्रान्सफर पोर्टलवर, म्हणजे बदली मागणाऱ्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीत, घालणं आम्हाला बंधनकारक. पण दुसरी बाजू कुणी सांगत नाही, म्हणून ती मी दोनदा सांगितली: मागणी केली की चालू टर्म संपल्यावर स्कॉलरशिप बंद करायचा अधिकार विद्यापीठाला मिळतो, आणि पोर्टलवर नाव आलं म्हणजे दुसरीकडे जागा मिळालीच असं नाही. दरवर्षी कितीतरी मुली तिथेच अडकून राहतात.

दुपारपर्यंत पाच मेल आले. एका मेलमध्ये एकच ओळ होती, विषयाची जागा रिकामी. तेवढंही चालतं. आलेली वेळ नोंदवली आणि पाचही नावं त्याच दिवशी घातली. ज्या मुलीने निर्णय घेतलाय तिला दोन दिवस लटकत ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही.

कोचनी फळा पुढे ओढला. महिला बास्केटबॉलला तेव्हा १५ स्कॉलरशिपची मर्यादा होती. एक स्कॉलरशिप दोघींत अर्धी-अर्धी वाटता येत नव्हती. थोडी रक्कम दिली तरी डोकं एकच मोजलं जायचं. उरलेल्या सहा, सही केलेल्या शाळकरी मुली दोन, म्हणजे आठ. सात जागा रिकाम्या, त्यांत एक पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी, आणि दोन उंच मुली तातडीच्या. सरावात पाचास पाच खेळवायला दहा लागतात, म्हणून बरेच संघ विद्यापीठातल्या मुलांना सरावापुरते बोलावतात. तेही पूर्णवेळ विद्यार्थी आणि नियमात बसणारे लागतात. वर्गातून कुणालाही उचलून आणता येत नाही.

कोचच्या वहीत पहिली तीन नावं त्यांच्या जुन्या संघातली होती. एकीचंही पोर्टलवर नव्हतं. नाव येईपर्यंत फोन नाही, मेसेज नाही, आईवडिलांमार्फत किंवा जुन्या असिस्टंटमार्फत निरोपही नाही. चार वर्षं ज्या मुलींना घडवलं त्यांना साधं ‘येते मी’ म्हणतानाही जीभ सांभाळावी लागते, हे कठीण आहे. त्यांनी वही मिटली.

मग पोर्टल उघडलं. काही नावांपुढे ‘संपर्क नको’ अशी खूण असते. त्या मुलींना फोन करायचाच नाही. खूण नसलेली एक पॉइंट गार्ड कोचना फार आवडली. तीन वर्षं खेळलेली, एक हंगाम शिल्लक. मी थांबा म्हटलं: आधी तिचं गुणपत्रक. ते मेलवर मागितलं, तर तिने स्वतःच आपल्या विद्यापीठातून मागवून पाठवलं.

आपल्याकडे दहावी-बारावीच्या खेळाडूंना वाढीव गुण मिळतात. इथे मैदानावर उतरण्यासाठी पदवीच्या दिशेने पुढे सरकलेलं दाखवावं लागतं: तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचे ४० टक्के, चौथ्याला ६०, पाचव्याला ८०. विषय पास झाल्यावर मिळणारे क्रेडिट नुसते मिळवलेले असून भागत नाही, ते आमच्या पदवीत बसले पाहिजेत. तिच्याकडे ८८ क्रेडिट होते, पण तिचं मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, आमच्याकडे नाही. सर्वांत जवळच्या पदवीत त्यांतले ५१च बसत होते. १२० च्या पदवीला ६० टक्के म्हणजे ७२. एकवीस कमी, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात जास्तीत जास्त १२ घेता येतात. त्या पदवीत ती एक मिनिटही खेळू शकली नसती. कितीतरी भरत्या इथेच फसतात, कारण हा हिशेब सही झाल्यावर, ऑगस्टमध्ये केला जातो.

शैक्षणिक सल्लागाराने हेल्थ सायन्सेसच्या व्यापक पदवीत तेच विषय मांडून पाहिले. ७४ बसले. पण तिला फिजिओथेरपिस्ट व्हायचं होतं. केवळ खेळवण्यासाठी मुलीला भलत्याच पदवीत ढकलणं मला मान्य नाही. सुदैवाने अमेरिकेत फिजिओथेरपी ही पदवीनंतरची डॉक्टरेट आहे. पदवी कोणत्याही विषयातली चालते, फक्त ॲनाटॉमी, फिजिक्स, केमिस्ट्री असे ठरावीक विषय झालेले हवेत. तिचं ॲनाटॉमी राहिलं होतं.

संध्याकाळी सातच्या सुमाराला तिला फोन लावला. स्कॉलरशिप किती, किती मिनिटं खेळवणार, यातलं तिने काहीच आधी विचारलं नाही. ॲनाटॉमीचं प्रॅक्टिकल कधी असतं, एवढंच विचारलं. वेळापत्रकात होतं मंगळवार-गुरुवार, दुपारी दोन ते पाच. नेमकी संघाच्या सरावाची वेळ.

कोचनी फळ्यावर कोपऱ्यातला सराव पुसला, त्या जागी मंगळवार-गुरुवार सकाळी साडेसहा असं लिहिलं, आणि मग तिला सांगितलं, ‘प्रॅक्टिकल चुकणार नाही.’