तीन इंडिकेटर, साक्षीदार एकच

नागपुरात सीताबर्डीवर किंवा धरमपेठेत चहा घेताना शेअर बाजाराचा विषय निघाला की हल्ली चार्टवरच्या इंडिकेटरांबद्दल, म्हणजे भावावरून गणिताने काढलेल्या निर्देशकांबद्दल, एक वाक्य हमखास कानावर येते: ‘आरएसआय, एमएसीडी, बोलिंजर बँड, तिन्ही खरेदी दाखवत आहेत.’ बोलणाऱ्याला तीन स्वतंत्र साक्षीदार मिळाल्यासारखे वाटते. वस्तुतः साक्षीदार एकच असतो, तो म्हणजे बंद भाव, दिवसाअखेरचा भाव. एमएसीडी हा १२ आणि २६ दिवसांच्या घातीय सरासऱ्यांमधील (ज्यांत ताज्या भावांना जास्त वजन असते) फरक. बोलिंजर बँड म्हणजे २० दिवसांची सरासरी आणि तिच्या वर-खाली दोन प्रमाण विचलनांच्या (भाव सरासरीपासून किती विखुरतो त्या मापाच्या) रेषा. आणि आरएसआयही त्याच बंद भावांवरून काढलेला. त्यामुळे तिघांचे एकमत झाले, याचे फारसे अप्रूप वाटण्याचे कारण नाही.

वेल्स वायल्डर यांनी १९७८ साली मांडलेला आरएसआय नेमके काय मोजतो, हे एकदा कागदावर करून पाहण्यासारखे आहे. गेल्या १४ दिवसांच्या सरासरी हालचालीत चढण्याचा वाटा शेकडा किती, एवढेच तो सांगतो. आरएसआय ७० आहे याचा अर्थ, भाव एकूण १०० रुपये हलला असेल तर त्यांपैकी ७० रुपये वर आणि ३० रुपये खाली. यात शेअर महाग झाल्याचे कुठेही म्हटलेले नाही. जोरदार तेजीत हा आकडा आठवडेच्या आठवडे ७० च्या वर राहू शकतो आणि ७० दिसताच विकणारा नेमका त्याच तेजीतून बाहेर पडतो. भाव एका पट्ट्यात घुटमळत असेल, तेव्हा मात्र ३० (खरेदी) आणि ७० (विक्री) च्या पातळ्या बऱ्यापैकी उपयोगी पडतात. म्हणून बाजाराला दिशा आहे की नाही, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी कलाचा जोर मोजणारा वायल्डर यांचाच एडीएक्स आहे, जो २५ च्या वर असल्यास कल ठळक आणि २० च्या खाली असल्यास क्षीण मानण्याचा प्रघात आहे.

खरोखर वेगळी माहिती देते ती उलाढाल, म्हणजे किती शेअरची खरेदी-विक्री झाली तो आकडा. भावाने जुना उच्चांक ओलांडला, पण त्या दिवशीची उलाढाल नेहमीपेक्षा कमी असेल, तर मी त्या खरेदीपासून लांब राहतो.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित इंडिकेटर म्हणजे एटीआर. शेअर दिवसभरात सरासरी किती रुपये हलतो, आदल्या बंद भावापासूनची उडीही धरून, हे तो सांगतो; दिशेबद्दल अवाक्षर काढत नाही. समजा भाव ३५० आणि एटीआर १२ आहे. स्टॉप लॉस, म्हणजे तोटा थांबवण्यासाठी ज्या भावाला शेअर आपोआप विकायचा ती पातळी, ३४५ वर लावला, तर रोजच्या साध्या हेलकाव्यातही तो उडेल. दोन एटीआर खाली, म्हणजे ३२६ वर लावला, तर प्रत्येक शेअरमागे जोखीम २४ रुपये. भांडवल १ लाख असून एका सौद्यात १ टक्का, म्हणजे १,००० रुपयेच गमावण्याची तयारी असेल, तर ४१ शेअर घ्यायचे, त्याहून एकही जास्त नाही. किती घ्यायचे, हा प्रश्न कधी घ्यायचे याहून मोठा आहे, असे मला मनापासून वाटते. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ या वर्षात रोख बाजारात इंट्राडे (त्याच दिवशी खरेदी आणि विक्री) करणाऱ्या दर १० जणांपैकी ७ जण तोट्यात होते, आणि चार्ट तर त्या सर्वांना फुकटच उपलब्ध होते.

हा हिशेबही एका ठिकाणी थिटा पडतो. मँगनीज खाणींची कंपनी मोईल हिचे मुख्यालय आपल्या नागपुरातच असल्याने इथल्या अनेकांना तो शेअर घरचा वाटतो. पण मँगनीज धातुकाच्या दरांत कंपनीने बदल जाहीर केला किंवा तिमाही निकाल आला, तर सकाळी सव्वानऊला बाजार सुरू होताच भाव आदल्या बंद भावापासून थेट अंतर टाकून उघडू शकतो आणि ३२६ चा स्टॉप लॉस ३१५ लाही पूर्ण होऊ शकतो. चार्टवर ती घोषणा आधी दिसेलच असे नाही. म्हणून निकालाच्या आदल्या दिवशी, साडेतीनच्या आत, मी अल्पमुदतीचा सौदा मोकळा करतो, मग आरएसआय काहीही दाखवत असो.