अवस-पुनव पाळणारी

नागपुरातला तान्ह्या पोळ्याचा दिवस, मारबतींच्या म्हणजे मोठाल्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा. नेहरू पुतळ्याजवळच्या गर्दीत मी उभी होते, कुर्त्याच्या आत साखळीत चांदीची पाच टोकांची चांदणी. भोवती लोक एका सुरात ओरडत होते, "ईडा, पीडा, रोगराई, जादूटोणा घेऊन जा गे मारबत!" मीही ओरडले. लहानपणापासूनची सवय. मग एकदम चपापले, कारण त्या यादीतली एक वस्तू मीच होते. आदल्या रात्री पिठोरी अमावस्या होती आणि मी गच्चीवर दिवा लावून, कडुनिंबाचा पाला आणि मीठ मांडून बसले होते. मनातल्या मनात मी स्वतःला 'विच' म्हणायचे.

काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. काळीला लोक बांकाबाईचं, म्हणजे इंग्रजांना साथ दिल्याचा ठपका असलेल्या भोसल्यांच्या राणीचं रूप मानतात, कुणी पूतनेचं. गंमत म्हणजे बाया आधी तिची पूजा करतात, लेकरांना तिच्या पायाशी नेतात आणि मग तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. त्या दिवशी घरी येऊन ठरवलं, आपण जे करतो त्याला नीट नाव पाहिजे.

आधी 'विक्कन' धरून पाहिलं, म्हणजे 'विक्का' या निसर्ग पूजणाऱ्या आधुनिक चेटूकपंथातली. ब्रिटनमधला जुना चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि जेराल्ड गार्डनरने १९५४ मध्ये पुस्तक काढून हा पंथ लोकांसमोर आणला. पण त्याच्या परंपरेत दीक्षा लागते, तीही आधी दीक्षा घेतलेल्याकडून. प्रतापनगरात मला कोण देणार? पुढे एकट्याने साधना करणाऱ्यांनीही हे नाव घेतलं, तेव्हा तेवढ्यावर अडलं नसतं. अडलं पंचांगावर. त्यांचे वर्षाचे आठ सण. १ मेच्या सुमारास बेल्टेन, विस्तवावरून उडी मारायची. नागपुरात मे महिन्यात! इथे कूलरसमोरून उठायची हिंमत होत नाही. १ ऑगस्टला पहिल्या धान्याची भाकर. आमच्या काकांच्या शेतात तेव्हा कपाशीची डवरणी सुरू असते. दोन वर्षं मी ते सण मोबाइलवर बघून पाळले. खोटं सांगत नाही, नाटकात काम केल्यासारखं वाटायचं.

मग 'चेटकीण'. तिकडच्या बायकांनी शिवीच अंगावर दागिन्यासारखी घातली, तर आपण मराठीत का नाही? हे मी मोठ्या ऐटीत एका मैत्रिणीला सांगितलं. ती गडचिरोलीकडे नर्स आहे. तिने चहा खाली ठेवला आणि विचारलं, "जिवतीचं आठवते का तुले?" ऑगस्ट २०२१, चंद्रपूर जिल्हा, जिवती तालुक्यातलं वणी खुर्द. जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना, त्यात म्हाताऱ्या बायाही, भर चौकात बांधून मारलं होतं. "तू स्वतःले विच म्हटलं तर इन्स्टाग्रामवर बदाम येतात," ती म्हणाली, "आमच्याकडे कोणी बाईले चेटकीण म्हटलं तर दोर येतो."

मी काही बोलले नाही. रात्री २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वाचायला घेतला, जरा धाकधुकीनेच. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड. अनुसूचीत मी कुठे सापडते ते शोधत होते. सापडले नाही, घरात दिवा लावून बसणं गुन्हा नाही. दुसऱ्यावर करणीचा आळ घेऊन त्याला छळणं मात्र आहे. म्हणजे मी स्वतःला चेटकीण म्हणायला मोकळी होते, आणि म्हणूनच तो शब्द मला घ्यावासा वाटेना. त्याचा मार दुसऱ्याच बाया खातात.

उरलं 'पेगन', म्हणजे निसर्ग आणि जुने देव पूजणारी. हे मी आईला सांगितलं, लॅटिनसकट. पागानुस म्हणजे खेड्यातला माणूस.

"म्हणजे खेडवळ," आई म्हणाली. "त्याले एवढं इंग्रजी काहून लागते? मी बैलाले पुरणपोळी चारते, वडाले सूत गुंडाळते, नागाले लाह्या वाहते. मग मी काय हाओ?"

मी आठ दिवस चिडून होते. कारण मला उत्तर येत नव्हतं. मी वडाला सूत गुंडाळत नाही, पाळीत देवापासून लांब बसत नाही, भटजी बोलावत नाही. पण चंद्र तोच आणि कडुनिंबही अंगणातलाच. इंग्रजीत कुणी विचारलं तर मी आजही 'पेगन' म्हणते, लवकर सुटका होते. घरात तो शब्द काही रुजला नाही.

कोजागिरीनंतर शेजारच्या काकूंनी आईला जिन्यात गाठलं. पोरगी मध्यरात्री गच्चीवर काय करते? मी दाराआड श्वास धरून उभी. आई म्हणाली, "काही नाही वो. अवस-पुनव पाळते ते."

काकू "बरं बरं" म्हणाल्या आणि कोथिंबिरीच्या भावावर आल्या. मी तिथेच उभी राहिले. त्यात धर्म नव्हता, पंथ नव्हता, नाम तर नव्हतंच; नुसतं क्रियापद. मी काय करते तेवढंच. आणि ते खरं होतं.

चांदणी अजून कुर्त्याच्या आतच असते. परवा आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अवो, उद्या पुनव हाय ना? मग दूध अर्धा लिटर जास्त सांगू का?"