दातांसकट फायनल

माझा गोव्यात माशेलला फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, पासपोर्ट फोटो हे सगळ्यांना दिसतं, पण वर्षभर हळूहळू चालणारं काम म्हणजे गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून फ्रेम करून देणं, आणि ते नेहमी घाईचं असतं कारण बाराव्याच्या आत पाहिजे असतं. घरातली मंडळी आधार कार्ड घेऊन येतात, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो ज्यात आपलं माणूस तिसऱ्या रांगेत अर्धं. जिवंतपणी एक नीट फोटो काढून ठेवा म्हटलं की लोक मलाच अपशकुनी ठरवतात.

तर गेल्या वर्षी एकजण आला, वडील गेले होते, आणि म्हणाला, "दादा, चिखलकाल्यात तुम्ही काढलेला ना त्यांचा एक, हसताना? तो द्या." मला फोटो आठवला आणि पोटात गोळाच आला, कारण तो मी रिजेक्टचा शिक्का मारून टाकलेला होता. चिखलकाला म्हणजे आमच्याकडचा चिखलात खेळायचा उत्सव, त्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या पटांगणात पाऊस धो धो, लेन्सला प्लास्टिक गुंडाळलेलं, आणि आदल्या रात्री भजनाचे फोटो ट्रायपॉडवर काढले म्हणून लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) मी बंद केलं होतं ते तसंच बंद राहिलं. 200 एमएमला शटर 1/80 सेकंद, एवढ्या झूमला हातात धरून फारच हळू. म्हणजे चूक शंभर टक्के माझी, पावसाची नाही. (आता त्या बटणावर टेप लावलीय.)

रॉ फाईल (कॅमेऱ्यातली मूळ, न दाबलेली) मात्र होती, मी काही डिलीट करत नाही, बायको हार्ड डिस्क मोजते आणि ओरडते.

फोटो हललाय हे कुणालाही कळतं, पण कसा हललाय ते कळायला एखादा चमकणारा ठिपका शोधावा लागतो. काल्याला खेळणारे अंगाला तेल चोपडून उतरतात ना, म्हाताऱ्यांच्या खांद्यावर त्या तेलावर पावसाचे थेंब मोत्यासारखे उभे होते आणि प्रत्येक थेंबावरची चमक ठिपका न राहता छोटी रेघ झाली होती. 300 टक्के झूम करून मोजलं, नऊ पिक्सेल, डावीकडून उजवीकडे जराशी चढती. मागे देवळाकडच्या दिव्यांचीही तशीच रेघ, तेवढीच, त्याच कोनात. म्हणजे माणूस हलला नव्हता, फोकसही चुकला नव्हता (तसं असतं तर ठिपक्याची गोल चकती झाली असती), माझा हात हलला होता. एकाच दिशेचा हलका झटका, हा त्यातल्या त्यात बरा आजार.

पण त्यांना 12 बाय 18 ची फ्रेम हवी होती. चेहरा साधारण 900 पिक्सेल उंच, प्रिंटवर तो पाच इंच येणार, म्हणजे नऊ पिक्सेलची रेघ सव्वा मिलिमीटर. लांबूनसुद्धा दिसणार. मी म्हटलं फ्रेम अर्ध्या साइजची करूया, अर्धी तक्रार तिथेच संपते, सॉफ्टवेअर लागतच नाही. पण शेजारी आजोबांची फ्रेम तेवढी मोठी आहे म्हणे. शिवाय "दादा एआयनं करा ना, दोन मिनिटांत होतं." हे वाक्य मी आता दिवसातून दोनदा ऐकतो.

रात्री बसलो. पहिल्यांदा रॉथेरपी, हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात आरएल डीकन्व्होल्यूशन आहे, म्हणजे पसरलेला फोटो उलट गणित करून परत गोळा करायचा. आरएल म्हणजे रिचर्डसन आणि ल्यूसी, एकानं 1972 ला मांडलं, दुसऱ्यानं 1974 ला, आणि 1990 मध्ये हबल दुर्बीण वर गेल्यावर कळलं की तिचा आरसा कडेला 2.2 मायक्रॉन जास्त घासला गेलाय, तेव्हा 1993 मध्ये दुरुस्ती होईपर्यंत शास्त्रज्ञांनी त्या धूसर फोटोंवर हेच गणित चालवलं होतं. मला हे वाचल्यापासून उगाच भारी वाटतं, माशेलमध्ये बसून हबलचं काम. पण इथलं आरएल गोल पसरलेला ब्लर धरून चालतं, रेघेचा नाही, त्यामुळे रेडियस वाढवला तशी गालाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली. फोटोशॉपमध्ये 2013 ला शेक रिडक्शन नावाचा फिल्टर आला होता, तो हलल्याची रेघ स्वतःच शोधायचा, तो 2022 मध्ये काढून टाकला. राहिलं स्मार्ट शार्पन. त्यात रिमूव्हमध्ये मोशन ब्लर निवडायचं आणि कोन आपण मोजलेला द्यायचा. दिला. थेंब परत थेंब झाले हो! खरंच, खुर्चीत उठून बसलो. मात्र नाकाला दुहेरी कड आली, ती मास्क लावून ब्रशने पुसत पुसत दोन वाजले.

मग गंमत म्हणून एआयवाल्या एका सॉफ्टवेअरमध्ये टाकला, नाव नाही घेत. चाळीस सेकंद. पापणीचा केस न् केस दिसायला लागला. आणि म्हाताऱ्यांना पूर्ण बत्तिशी आली. त्यांचा वरचा पुढचा दात नव्हता, दुकानात पासपोर्ट फोटोला आले होते तेव्हा मीच तोंड मिटा म्हणून सांगितलं होतं. हललेल्या फोटोत ती फट शेजारच्या दातात मिसळून गेलेली, सॉफ्टवेअरने आपल्या मनाने दात भरला. गालावरच्या चिखलाच्या शिंतोड्यांची दाढीची खुंटं केली, आणि हा माणूस तर रोज घोटून दाढी करणारा. ते गणित असलेलं परत मिळवतं, हे सॉफ्टवेअर नसलेलं आणून बसवतं, असं काहीसं भाषण मी मनात तयारही केलं.

दुसऱ्या दिवशी काकी, म्हणजे त्याची आई, स्वतः आल्या मुलाबरोबर. मी दोन्ही छोटे प्रिंट काउंटरवर ठेवले. मुलाने लगेच माझा उचलला, "हेच बाबा." मी खूश. काकींनी दुसरा घेतला, लांब धरला, चष्मा वर केला.

"हे तांचे दांत न्हय," म्हणाल्या.

मी माझं भाषण सुरू करणार एवढ्यात त्या हसल्या. "दहा वर्षं मागे लागले होते दात बसवून घ्या म्हणून. नाही बसवले. आता हा दात असू दे."

मुलगा म्हणाला आई पण हे खोटं आहे. त्या म्हणाल्या दाढी काढ, ती खोटी, दात ठेव. माझ्याकडे बघून, "जमतं ना रे तुला?"

जमतं. न जमायला काय झालं, लेयर वर लेयर, मास्क, फक्त तोंडापुरतं भोक. वीस मिनिटांचं काम आणि रात्रभर ज्याच्याविरुद्ध मी मनात भांडत होतो तेच मी स्वतःच्या हाताने नीट, कडा मऊ करून, बसवलं. सव्वा मिलिमीटरची चूक घालवायला माझी अर्धी रात्र गेली, आणि दाताबद्दल मी एक शब्द बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं का? फोटो कोर्टात द्यायचा नव्हता, भिंतीवर लावायचा होता. पण पन्नास वर्षांनी नातवाला कोण सांगणार?

बाराव्याला गेलो होतो. त्यांच्याबरोबर भजनाला पखवाज वाजवणारे एकजण फ्रेमसमोर बराच वेळ उभे राहिले, मग मागे वळून काकींना विचारलं, "ह्यानं दात कधी बसवला?"

काकी म्हणाल्या, "परवा." आणि चहाचे कप गोळा करायला लागल्या.