फोटोचा निकाल यायच्या आधीच

आज एक विचित्र गोष्ट झाली आणि ती डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहायला बसले. रेसच्या शेवटच्या शंभर मीटरमध्ये मी पैसे लावलेला घोडा पुढे आणि बाहेरच्या बाजूने तो दुसरा येतोय येतोय, दोघं पोस्टवर, शेवटच्या खांबाशी, एकदमच, कोण पुढे ते ठरवायला फोटो मागवला, बोर्डवर अजून काहीच नाही, आणि मी बेट्सच्या वहीत 'गेला', म्हणजे हरला, लिहून मोकळी. पेन खाली ठेवल्यावर लक्षात आलं की अरे, निकाल लागलाच नाहीये अजून. मग थोड्या वेळाने लागला. शॉर्ट हेडने, म्हणजे घोड्याच्या डोक्याहूनही कमी फरकाने, माझा दुसरा. म्हणजे मी लिहिलं ते बरोबरच निघालं आणि तेच जास्त लागलंय मनाला. चुकलं असतं तर खोडून टाकलं असतं आणि विसरूनही गेले असते.

पैशाचं नाही हे. म्हणजे पैशाचं आहेच थोडं, नाही कशाला म्हणू, पण बँक, म्हणजे बेटिंगला वेगळी ठेवलेली रक्कम, शाबूत आहे, स्टेक, म्हणजे एका बेटला लावायची रक्कम, लहान आहे, एवढ्याने काही बुडत नाही. मला त्रास होतोय तो हाताने आधीच लिहून टाकलं याचा. कधीपासून मी हरायचं गृहीत धरून रेस बघायला लागले?

आणि सगळ्यांचे लागतात हो. नाव आवडलं म्हणून लावणाऱ्याचा लागतो, जॉकीचे रंग बघून लावणाऱ्याचा लागतो. मी रात्री जागून फॉर्म, म्हणजे घोड्याच्या मागच्या रेसेस, वाचायचा, ड्रॉ, म्हणजे सुटायच्या गेटचा नंबर, बघायचा, वजन किती वाढलं, अंतर बदललंय का, ट्रॅक ओला की सुका, ट्रेनर एवढ्यात कसा चाललाय, सगळं घोडे निवडायच्या माझ्या सिस्टीममध्ये घालायचं, दहा रेसमधल्या नऊ सोडून द्यायच्या, आणि उरलेल्या एकीत माझा घोडा दुसरा. परवा तर सिस्टीमने नाकारलेला आरामात जिंकला. त्या वेळी घरात कोणी काही बोललं नाही, आणि त्या न बोलण्याबद्दल आज लिहायला नको.

सध्या माझे घोडे सलग पडतायत, म्हणजे हरतायत, म्हणून दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं आता लागायलाच पाहिजे, किती वेळा पडणार?" त्याला बरं वाटावं म्हणून हो म्हटलं, पण हेच तर धोक्याचं वाक्य आहे. १९१३ साली माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर लागोपाठ २६ वेळा काळा आला आणि लोक प्रत्येक वेळी आता लाल यायलाच पाहिजे म्हणत लालवर पैसे वाढवत गेले, धुऊन निघाले. चाकाला मागचं आठवत नाही. घोड्याचं तेवढं सरळ नसतं, फॉर्म असतो, दुखापत असते, पण माझ्या उद्याच्या घोड्याला कालच्या माझ्या दुसऱ्या घोड्याचं काय देणंघेणं? जिंकायची शक्यता ३० टक्के असेल तर पहिल्या बेटला ३० आणि सलग दहा पडल्यावरही ३०च. पडल्यावर दर वेळी स्टेक डबल करत गेलं तर काय होतं तेही मांडून बघितलंय. एक युनिटपासून सुरू करून दहा पडले की १०२३ युनिट गेलेले असतात आणि अकरावी बेट १०२४ची, आणि हे सगळं कशासाठी, तर सम भावाला, म्हणजे लावले तेवढाच नफा मिळतो त्या भावाला, एक युनिट कमवायला. ते मी करणार नाही, दादाने कितीही सांगितलं तरी.

मग मी जुना हिशोब काढून बसले, कारण नुसतं कुढत बसण्यापेक्षा ते बरं. ३० टक्के स्ट्राइक रेट, म्हणजे शंभरातले ३० घोडे लागतात असं, धरला तर कुठल्याही ठरावीक बेटपासून सलग दहा पडायची शक्यता तीन टक्क्यांच्या आतली येते. ऐकायला दुर्मिळ वाटतं. पण १००० बेट्सच्या प्रवासात सगळ्यात लांब पडझड, म्हणजे सलग हार, साधारण सोळा-सतराची निघतेच, आणि ती सिस्टीम बिघडल्यामुळे नाही, सिस्टीम जशी आहे तशीच असल्यामुळे. स्ट्राइक रेट २० टक्के असता तर पंचवीस-सव्वीसची. मोठ्या भावाचे, क्वचित लागणारे पण लागले की जास्त देणारे घोडे खेळणाऱ्यांनी हे कसं सोसायचं देवच जाणे. हे आकडे मला माहीत नव्हते असं नाही, सुरुवातीलाच काढले होते, पण कागदावर सतरा लिहिणं वेगळं आणि सतरा वेळा पोस्टकडे बघत बसणं वेगळं.

आणि मग एक गोष्ट सुचली जी आधी कधी अशी मांडली नव्हती. समजा ३० टक्के घोडे लागतात आणि सरासरी भाव ३.६, म्हणजे एक लावला की स्टेक धरून ३.६ परत. शंभर बेट्सना ३० जिंकले की ७८ युनिट नफा, ७० पडले की ७० तोटा, हातात ८ उरले. चांगली सिस्टीम आहे ही, कुणीही घेईल. पण हरलेलं मनाला जिंकलेल्याच्या साधारण दुप्पट टोचतं असं कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून पुढे आलंय. तर तोटा दुप्पट धरून तोच हिशोब परत केला. ७८ वजा १४०. उणे ६२. म्हणजे बँक आठने वाढतेय आणि त्याच वेळी माझ्या आत बासष्टने कमी होतंय, आणि हे पडझडीत नाही, हे तर सगळं ठरल्याप्रमाणे चाललेलं असताना! मग पडझडीत माझा हात आधीच 'गेला' लिहीत असेल तर त्यात नवल काय. दहातल्या सात वेळा तेच लिहायचं असतं की. सवयच लागणार.

हे लिहिल्यावर जरा सैल झाले खरी. बराच वेळ त्या उणे ६२ कडे बघत होते.

पण मूळ प्रश्न जात नाही. ही नुसती पडझड आहे की सिस्टीम संपली? आत बसून हे कळत नाही, हीच खरी पंचाईत. वरचीच सिस्टीम, आठ टक्के फायद्याची, खरीखुरी चांगली, तरी शंभर बेट्सनंतर ती तोट्यात असण्याची शक्यता ३० टक्क्यांच्या आसपास आहे. हजार बेट्सनंतरही सहा टक्के. म्हणजे निकाल बघून ठरवायचं तर वर्षं जातील, आणि तोपर्यंत वाईट सिस्टीमही चांगली असल्यासारखी मिरवू शकते.

म्हणून निकाल सोडून भाव बघायला लागले. मी घेतलेला भाव आणि गेट उघडायच्या वेळचा शेवटचा भाव. मी ४.५ ला घेतला आणि इतरांनीही त्याच घोड्यावर पैसे लावल्यामुळे सुटताना ३.८ झाला तर बाजारही उशिरा का होईना माझ्याच बाजूने आला, घोडा पडला तरी निवड ठीक होती. जुन्या पानांवर असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. अलीकडच्या पानांवर कमी दिसतंय. बऱ्याच ठिकाणी दोन्ही भाव सारखेच. हे मला आवडलेलं नाही. कदाचित मी बघत्ये ते आता सगळेच बघतायत, किंवा मी भाव घ्यायला उशीर करत्ये, घाबरून थांबत्ये शेवटपर्यंत. दुसरं असेल तर ते माझ्या हातात आहे. पहिलं असेल तर… बघू.

स्टेकचं मात्र आज ठरवून टाकलं. जॉन केली या संशोधकाने १९५६ साली बेल लॅब्समध्ये असताना बँकेचा किती भाग लावायचा याचं जे सूत्र मांडलं, त्याने वरच्या आकड्यांना बँकेच्या तीन टक्क्यांच्या आसपास लावायचं येतं. पण पूर्ण केलीने खेळलं तर बँक कधी ना कधी निम्मी होण्याची शक्यताच निम्मी असते, आणि निम्मी झालेली बँक जागेवर आणायला ती दुप्पट करावी लागते, ते मला झेपणार नाही, स्पष्ट सांगते. अर्ध्या केलीने, म्हणजे सूत्र सांगतं त्याच्या निम्मे लावून, तीच शक्यता आठात एक होते आणि वाढीचा पाऊण भाग तरी हाती राहतो. शिवाय माझे ते ३० टक्के खरंच ३० आहेत का हीच शंका असताना पूर्ण लावायचं कशाच्या जोरावर? तर बँकेच्या एक ते दीड टक्का, पडझड असो नसो, राग आला असो नसो.

आणि वहीत उद्यापासून निकालाच्या आधी दोन रकाने भरायचे, घेतलेला भाव आणि शेवटचा भाव. निकालाचा रकाना सगळ्यात उजवीकडे.

उद्या एकच सिलेक्शन आहे, हँडिकॅपमधलं, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकतात त्या रेसमधलं. वजन जरा जास्त पडलंय त्याच्यावर, पण अंतर त्याच्या आवडीचं आहे आणि ड्रॉ आतला मिळालाय. भाव सकाळीच घेणार, थांबणार नाही.