आमची वाटचाल : रंगाच्या दोन डब्यांवरून टेबलापर्यंत

पहिल्यांदाच सांगून टाकतो, मी मिस्त्री नाही. मिस्त्री माझा मेहुणा, मी हिशोब बघायचो, माल आणायचो आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलायचो. सुरुवातीला दोन बाय दोन फुटांच्या टाईल्सची कामं घ्यायचो, एक हातकटर, एक चार इंची ग्रायंडर, गुण्या, लाईनदोरी, रबरी हातोडी, झाला आमचा धंदा उभा. रेघ मारली, दाबलं, टक् करून दोन तुकडे. एखादी फुटली तर बॉक्समधून दुसरी काढायची, कोणी विचारायचं पण नाही.

मग लोकांना मोठ्या टाईल्सचं वेड लागलं. ६०० बाय १२०० मिलिमीटर, मग ८०० बाय १६००, सांधे कमी दिसले पाहिजेत म्हणून. आम्हाला वाटलं टाईल ती टाईल, मोठी असली म्हणून काय झालं. तेव्हा साइटवर आमचं कटिंग टेबल म्हणजे रंगाचे दोन रिकामे डबे उलटे टाकायचे, त्यावर फळी, आणि हेल्परने एक टोक हातात धरायचं!

एका बाथरूमचं काम चालू होतं, शेवटची टाईल, दाराच्या चौकटीला बसेल असा एल आकाराचा कट. मेहुण्याने दोन्ही बाजूंनी मस्त कापलं, कोपऱ्यात ब्लेड थोडं पुढे गेलं एवढंच, तुकडा सुटला, ग्रायंडर खाली ठेवला, कोणाचा हात पण लागला नव्हता आणि त्या कोपऱ्यातून केसासारखी चीर निघाली ती तिरकी पळत थेट पलीकडच्या कडेपर्यंत. मालक मागेच उभे होते. "हे आपोआप झालं?" म्हणाले. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्हीच सांगा आता यांना." मी काय सांगणार, मलाच कळलं नव्हतं. त्या बॅचची टाईल संपलेली, नवीन आणली तिचा शेड वेगळा, अख्खी भिंत आमच्या खर्चाने पुन्हा केली. त्या महिन्यात घरी काय बोलणी खाल्ली ते इथे लिहीत नाही.

नंतर डोक्यात प्रकाश पडला. या मोठ्या टाईल्स पोर्सेलीनच्या, आणि पोर्सेलीन १२०० डिग्रीच्या आसपास भाजतात, अंग इतकं घट्ट होतं की पाणी अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त पीत नाही, म्हणजे जवळजवळ काचच म्हणा. भट्टीतून गार होताना आत ताण राहून जातो, टाईल मोठी तेवढा त्रास मोठा. कापलं की तो ताण वाट शोधतो आणि आतला काटकोनी कोपरा म्हणजे त्याला उघडं दार. म्हणून आता एल कट असेल तर आधी कोपऱ्यात सहा-आठ मिलीचं भोक पाडतो, डायमंड बिटने, पाणी सोडत, ड्रिलचा हॅमर मोड म्हणजे ठोके बंद ठेवून, आणि दोन्ही कट त्या भोकापर्यंतच आणून थांबवतो. पुढे एक सूत पण जायचं नाही. तेव्हापासून तशी चीर फार क्वचित बघितली.

पण हे कळायच्या आधी आम्ही ब्लेडवर पैसे घालवले हो. एका दुकानदाराने गळ्यात मारलं, "लोण्यासारखं कापतं" म्हणून. खाचा असलेलं ब्लेड होतं, दगड-काँक्रीटला ठीक, आमच्या टाईलचे नुसते टवके उडायला लागले. पोर्सेलीनला सलग कडेचं पातळ ब्लेडच लागतं, आणि ते पण काही दिवसांनी गुळगुळीत होऊन नुसतं घासत बसतं, मग ड्रेसिंगच्या म्हणजे ब्लेडला धार आणायच्या खरखरीत दगडात दोन-चार कट मारले की ब्लेडमधले बारीक हिरे पुन्हा वर येतात. हे न कळल्यामुळे चांगली चांगली ब्लेडं आम्ही फेकून दिली. आठवलं की अजून पोटात दुखतं.

खरा फरक पडला तो टेबलाने. मेहुण्याने ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं घडीचं टेबल बनवून घेतलं, वर रबर, दोन्ही तुकड्यांना खालून सलग आधार. कारण बहुतेक टाईल्स कापताना फुटतच नाहीत, शेवटच्या दोन इंचात कापलेला तुकडा स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि कोपरा घेऊन जातो. म्हणून ग्रायंडरने कापताना आधी पलीकडच्या टोकाकडून दोन-तीन इंच कापून ठेवायचं, मग अलीकडून निघायचं आणि त्या कटला जाऊन मिळायचं. सरळ लांब कटला रेलचा कटर वापरतो, म्हणजे लांब पट्टीवर सरकणारं रेघ मारायचं चाक, ते एकदाच फिरवायचं, एकाच दाबाने. मेहुणा डोळ्याने नाही कानाने बघतो, एकसारखा सर्र आवाज आला पाहिजे, मध्ये तुटला म्हणजे तिथे रेघ उमटली नाही. मग रेघेवर परत चाक फिरवायचा मोह होतो, पण तो केला की कड वाकडी तुटलीच म्हणून समजा. दोन इंचाच्या आतली पट्टी तर कटरने तोडायलाच जात नाही, सरळ ब्लेडने काढतो.

धुळीचं मात्र आम्ही फार उशिरा मनावर घेतलं. पहिली चार वर्षं कोरडंच कापायचो, तोंडाला रुमाल. त्या धुळीत सिलिका असते, फुप्फुसात बसली की बाहेर येत नाही, रुमाल तिला काय अडवणार. मेहुण्याचा खोकला दोन महिने हटेना तेव्हा डोळे उघडले. आता पाण्याची सोय असलेलंच मशीन, ते ईएलसीबीवरच (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावायचं, आणि नीट बसणारा मास्क. नवीन हेल्पर कुरकुर करतात, करू देत.

आता आमचं निम्मं काम दुसऱ्या ठेकेदारांचं कटिंग असतं, भोकं, पंचेचाळीसचे मायटर (कोपऱ्यात दोन टाईल्स जुळाव्यात म्हणून पंचेचाळीस अंशात तिरपी कापलेली कड) वगैरे. मायटरची धार पार कागदासारखी करू नका, ग्लेझच्या म्हणजे वरच्या चकचकीत थराच्या खाली मिलीभर जाडी सोडा, नाहीतर बसवतानाच टवका जातो.

फुटली तर भरायची कोणी, हे आधीच कागदावर लिहून घेतो. प्रत्येक टाईल बोटाच्या पेराने वाजवून बघतो, बद्द आवाज आला की बाजूला, मालकाला तिथेच दाखवतो. आवाज चांगला आल्यावर आमच्या हातून फुटली तर आमची.

हल्ली १२०० बाय २४०० चे स्लॅब, म्हणजे एकाच तुकड्यातल्या भल्यामोठ्या टाईल्स, लावून द्या म्हणून फोन येतात. सहा मिलीचा घेतला तरी एक नग चाळीस किलोच्या आसपास, आणि धरायला व्हॅक्यूम कपची (हवा ओढून चिकटणारे रबरी कप) चौकट. हो म्हणायच्या आधी मी एकटाच टेप घेऊन जातो आणि जिन्याचं वळण मोजतो. मागच्याच महिन्यात एका घरी स्लॅब आधीच खाली येऊन पडले होते आणि वळण काही केल्या पुरेना. मालक म्हणाले, "मग खालीच कापून वर न्या की." म्हटलं, मग सांधे नको म्हणून एवढा मोठा घेतलाच कशाला?