थोरला, धाकटा आणि मागं गेलेला आकडा

वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीचं आयटी मी सहा वर्षं बघतोय. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे कंपनीतल्या सगळ्यांची लॉगिन-खाती सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा, येते का, असं कुणी विचारलं की बिनदिक्कत "येते" म्हणायचो. येत काय होतं? पासवर्ड रिसेट, लॉक झालेलं अकाउंट उघडणं, नवा माणूस लागला की युजर तयार करणं.

मार्चमधल्या एका सोमवारी पहिल्या शिफ्टला निम्म्या लोकांचं लॉगिन होईना. "सर, पासवर्ड बरोबरच टाकायलो, घेईनाच की!" दोन तास मी येड्यासारखा पासवर्डच बदलत बसलो. मग दिसलं, रविवारी लाईट गेली तेव्हा एका सर्व्हरचं घड्याळही थांबलं होतं आणि आता ते चाळीस मिनिटं मागं चाललं होतं. लॉगिन तपासणारी केर्बेरॉस ही पद्धत घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. मदरबोर्डवरचा चपटा सेल संपला होता, बस.

लाज वाटली. बजाजनगरच्या खोलीवर जुना पीसी होता, त्यावर विंडोज सर्व्हरची 180 दिवसांची इव्हॅल्युएशन टाकली आणि दोन डोमेन कंट्रोलर, म्हणजे ही खाती ठेवणारे सर्व्हर, उभे केले. नावं थोरला आणि धाकटा. दोघांनाही सगळं लिहिता येतं, एकाकडचा बदल दुसऱ्याकडं आपोआप जातो, पण पाच कामं अशी की ती एका वेळी एकाकडंच राहतात. तिजोरीच्या किल्लीसारखं. ती पाचही थोरल्याकडं.

मग मी शहाणपणा केला. थोरल्याचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत, घेतला, स्क्रिप्टनं तीनशे युजर तयार केले, ते धाकट्याकडं पोचलेले बघितले आणि सरळ जुना स्नॅपशॉट लावला. त्यानंतर थोरल्यावर एक नवा युजर तयार केला. तो धाकट्याकडं जाईचना. इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, 2095 नंबरची चूक, आणि लॉगिन घेणारी नेटलॉगऑन सेवा थांबलेली. (विंडोज सर्व्हर 2012 पासून हायपर-व्हीवर, म्हणजे एका मशीनमध्ये अनेक सर्व्हर चालवायच्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरवर, असं मागं नेलेलं सर्व्हरच्या लक्षात येतं. मी वापरलेल्या व्हर्च्युअलबॉक्स या तसल्याच सॉफ्टवेअरवर ती सोय नव्हती.)

रात्री अकराला अंबडहून अण्णांचा फोन. "जागा हायस? काय करायलास?" अण्णा निवृत्त ग्रामसेवक. त्यांना सांगितलं, की प्रत्येक बदलाला सर्व्हर एक चढता नंबर देतो. धाकट्याला एवढंच आठवतं, 'थोरल्याकडून 14500 पर्यंत घेतलंय, पुढचं दे.' आणि थोरला तर 12900 वर गेलाय. आता तो नवीन कामाला 12901 देतो. धाकटा म्हणतो, हे तर मी कवाच घेतलंय.

अण्णा क्षणभर गप्प. "म्हंजे आवक रजिस्टरची पानं फाडलीस, आन् तेच नंबर दुसऱ्या कागदांना टाकलेस व्हय?"

तीन रात्री इंग्रजी पानं वाचून मला जे कळलं ते त्यांनी एका वाक्यात उरकलं. "सस्पेंड झाला असता आमच्यात," हे वर.

दुरुस्तीला शॉर्टकट नाही. थोरल्याला जबरदस्तीनं पायउतार केलं, धाकट्यावर एनटीडीएसयुटिल या कमांडनं पाचही कामं ओढून घेतली, थोरल्याच्या जुन्या खुणा डिरेक्टरीतून पुसल्या. डीएनएसमधले, म्हणजे कोणता सर्व्हर कुठं आहे ते सांगणाऱ्या यादीतले, त्याचे एसआरव्ही रेकॉर्ड राहिलेच होते, ते शोधण्यात अख्खा शनिवार गेला. कूलरमधलं पाणी संपलेलंही कळलं नाही. मग थोरला नव्यानं उभा करून परत जोडला. रेप-अ‍ॅडमिन ही दोघांमधली देवाणघेवाण तपासणारी कमांड चालवली, फेल शून्य.

नाव अजून थोरलाच आहे. किल्ल्या मात्र धाकट्याकडं.