गादीचं वजन किती?

परवा दुपारी आमची लिफ्ट बंद होती आणि एक डिलिव्हरीवाला मुलगा खांद्यावर भलंथोरलं खोकं घेऊन जिन्याने वर चालला होता. वरच्या मजल्यावर फोमची गादी आली होती म्हणे, सहा बाय सहाची, ती हल्ली हवा काढून गुंडाळून येते ना तसली. आणि हा पठ्ठ्या धापाही टाकत नव्हता, वळणावर एका हाताने खोकं सावरत दुसऱ्या हाताने फोनवर कुणाशी तरी मस्त गप्पा मारत होता. मी दार लावून घेतलं, चहा टाकला, पण डोक्यात तेच. एवढ्या मोठ्या गादीचं वजन असेल तरी किती?

हा प्रश्न जगात मला एकटीलाच पडतो असं घरच्यांचं म्हणणं आहे. लोक जाडी विचारतात, कव्हरचा रंग विचारतात, डिस्काउंट तर विचारतातच. वजन कोण विचारतं! पण मी जिथे वाढले तिथे गादी म्हणजे वजनच होतं. सांगलीच्या घरी उन्हाळ्यात पिंजारी चाचा यायचे. अंगणात गाद्या उसवायच्या, आतला कळकट, गोळे झालेला कापूस बाहेर काढायचा आणि पिंजायला बसण्याआधी तो पोत्यात भरून ताणकाट्याला लावायचा. आजी स्वतः काट्यासमोर उभी राहायची आणि आकडा कोळशाने भिंतीवर लिहायची. मग चाचांची धनुकली सुरू. त्या तातेचा आवाज अजून कानात आहे, आणि बघता बघता अंगणभर कापूस फुलायचा, चाचांच्या भुवया पांढऱ्या, आमचे केस पांढरे, तुळशीवर सुद्धा कापूस. सगळं पिंजून झालं की परत वजन.

"साडेसात? आठ होता मघाशी."

"धूळ होती आजी, उडाली."

"अर्धा किलो धूळ? माझ्या घरातल्या गादीत?"

चाचा हसायचे, कारण हे संभाषण दरवर्षी व्हायचं. पण नवीन कापूस घालायचा असला की आजी हसायची नाही. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातला कापूस काढायची, गालाला लावायची. दमट लागला की संपलं. पाणी मारून कापूस जड करतात ही तिची खात्रीच होती, आणि चाचांसारख्या भल्या माणसासमोर ती हे तोंडावर म्हणायची. चाचा पण काही वाईट न वाटून घेता म्हणायचे, बरोबर आहे आजी, करतात लोक. मग गादी शिवायची, दाभणाने टाके घालायचे, काठीने झोडून सारखी करायची. त्या रात्री नव्या गादीवर कोण झोपणार यावरून आमच्यात मारामाऱ्या, आणि उड्या मारायला सक्त मनाई, कारण कापूस सरकतो.

तर आता मला गादी घ्यायची आहे आणि मी दुकानात जाऊन वजन विचारते.

दुकानदार चांगली माणसं असतात, उगाच नावं ठेवू नये, पण "ही किती डेन्सिटीची?" विचारलं की "मॅडम, ही ऑर्थो आहे" असं उत्तर येतं. अरे पण डेन्सिटी? "दहा वर्षं वॉरंटी आहे." मग तो मूठ आपटून दाखवतो, मी पण आपटते, नवरा चप्पल अधांतरी लटकवत दोन मिनिटं आडवा होतो आणि छताकडे बघत "छान आहे" म्हणतो. दोन मिनिटं आडवं झालं की त्याला जमीनसुद्धा छान वाटते. आणि ती वॉरंटी तरी काय, बहुतेक ठिकाणी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की खड्डा साधारण इंचभर खोल गेला तरच बदलून मिळेल, त्याच्या आतला खड्डा म्हणजे नॉर्मल. घेणारा माणूस तो खड्डा फूटपट्टीने मोजत बसणार का?

आता डेन्सिटी म्हणजे काही फार गूढ प्रकरण नाही, एक घनमीटर फोम किती किलोचा भरतो, एवढंच. ४० डेन्सिटी म्हणजे ४० किलो. सहा बाय सहा फूट आणि सहा इंच जाड गादी साधारण अर्धा घनमीटर होते, म्हणजे सगळाच्या सगळा ४० चा फोम असेल तर वीस किलो, ३२ चा असेल तर सोळा, २८ चा असेल तर चौदाच्या आसपास. झालं गणित! फोम हलका असला की लवकर बसतो, कमरेखाली खळगा पडतो. पण किती कडक आणि किती मऊ हे वेगळंच, ते वजनावरून कळत नाही, ४० डेन्सिटीचा फोम लुसलुशीतही करता येतो. दुकानात मात्र कडक म्हणजे भारी, भारी म्हणजे पाठीला चांगली, अशी सरळ साखळी आहे. बाबांना पण एका डॉक्टरांनी फळीवर झोपायला सांगितलं होतं, झोपले बिचारे. २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता, कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर, त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. मी बाबांना ते सांगितलं तर म्हणाले, आता सांगतेस!

मेमरी फोमबद्दल मी बोलत नाही. "नासा टेक्नॉलॉजी" म्हणून विकतात, आणि ते खोटं नाही, १९६० च्या दशकात नासासाठीच निघाला तो, पण विमानाच्या सीटसाठी. बसायला! शिवाय थंडीत घट्ट होतो आणि गरमीत मऊ पडतो, म्हणजे नागपूरच्या मावशीने मे महिन्यात काय करायचं ते नासाने सांगावं.

असो. तर माझा बेत असा होता की घरचा वजनकाटा गाडीत टाकून न्यायचा, गादी उचलून काट्यावर उभं राहायचं, मग गादी खाली ठेवून उभं राहायचं, वजाबाकी. नवरा म्हणाला मी ओळख दाखवणार नाही. मग आमच्या कोपऱ्यावरच्या गादी कारखान्यात गेले, तो ओळखीचा आहे, काही म्हणणार नाही. त्याने खरंच वजन करून दिलं. सोबत एका ऑर्थोवाल्या गादीची चेन उघडून आत पण दाखवलं. वर इंचभर पांढरा फोम आणि खाली सगळा रिबॉन्डेड, म्हणजे कारखान्यातले उरलेले निळे गुलाबी पिवळे फोमचे तुकडे राजगिऱ्याच्या वडीसारखे दाबून चिकटवलेले. त्याची डेन्सिटी ८०-१०० सहज असते. जड म्हणजे इतकी जड की दोघांना उचलेना. "ताई, वजनच पाहिजे असेल तर ही घ्या," तो म्हणाला. म्हणजे माझं गणित एका चेनमध्ये आडवं. वाईट नसतो म्हणे रिबॉन्डेड, कडक बेस पाहिजे असेल तर चालतो, तो लपवून विकू नये एवढंच. आजी असती तर कोपरापर्यंत हात घालून म्हणाली असती, पाणी मारलंय.

गादी अजून घेतलेली नाही. चेन असलेलं कव्हर हवं, इतकं मात्र पक्कं झालंय.

आजीला शेवटी अंथरुणावरून उठवेना तेव्हा पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणली होती, ती पंपवाली, रात्रभर घुर्रर्र आवाज करत एक कप्पा फुगवणारी आणि दुसरा सोडणारी. आजीने हाताने चाचपून बघितली आणि विचारलं, कापूस किती घातलाय?

"आजी, कापूस नाही, यात हवा आहे."

"हवा? मग पैसे कसले घेतले त्याने?"

भाड्याने आणली होती. तिला सांगितलं नाही.